बाटल्या वाळवल्या होत्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही. देवाला तर नाहीच — त्याच्यापुढे हात जोडले की घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा थकले म्हणून. लपवण्याचाही कंटाळा येतो हो माणसाला.

गोष्ट लोणच्याची आहे. हसायला आलं तर हसा. सुरुवातीला आम्हीही खूप हसलो होतो.

मुंबईत गिरण्यांचा संप लांबला होता आणि आमच्याकडच्या गावांत मनीऑर्डरी यायच्या थांबल्या होत्या. मी रत्नागिरीत एका संस्थेत नोकरीला होते. काम काय, तर बायकांना घरगुती धंदा शिकवायचा. शिकवणारी मी — कॉमर्सची पदवी घेतलेली आणि जन्मात कुणाला शेंगदाणासुद्धा न विकलेली. राजापूरच्या वाटेवरचं एक गाव माझ्या वाट्याला आलं होतं. तिथल्या बायकांनी मंडळ काढून कैरीच्या लोणच्याचा धंदा करायचं ठरवलं होतं.

एकदा मी फळ्यावर ‘जोखीम’ असा शब्द लिहिला. कुणाला काही उमगेना. म्हणून सोपं करून विचारलं, धंद्यात अडचण आली तर काय कराल? झालं! सगळ्या पदरात तोंड घालून हसायला लागल्या. अडचण म्हणजे बायकांच्या बोलण्यात काय, ते तुम्हाला ठाऊक असेलच — महिन्याचे ते दिवस, बाजूला बसायचे. शेवंता म्हणाली, “बाई, ती तर दर म्हयन्याला येते. पडवीत बसायचा, दुसरा काय करायचा?” मीही हसले. मग त्यांना नीट समजावलं — नुकसान झालं की आधी कारण शोधायचं, आणि ते पुन्हा घडू नये म्हणून नियम करायचा. त्या दिवशी मी फार चांगलं शिकवलं. परीक्षेला बसलेल्या पोरींसारखं त्यांनी ते पाठ केलं.

ही शेवंता माझ्याच वयाची. तोंडाने फटकळ, हाताला चलाख. नवरा संपामुळे मुंबईत खोलीवर बसून, पदरात एक मुलगी. आमचं पहिलं गिऱ्हाईक तिनेच आणलं, नवऱ्याच्या ओळखीतला मुंबईचा एक दुकानदार. माल आवडला तर दरवर्षी घेईन म्हणाला होता. लोणचं कालवायलाही सगळ्या तिलाच पुढे करायच्या. तिचा हात चांगला, असं सगळ्याच म्हणत.

काचेच्या बाटल्या आणायचं काम माझं होतं. उकळत्या पाण्याने धुवायच्या, उन्हात कडकडीत वाळवायच्या, मग गावी न्यायच्या. मे महिना. ऊन काय, मागाल तेवढं. पण त्याच दिवशी मला बघायला पाहुणे यायचे होते. आई म्हणाली, दारापुढच्या खळ्यात बाटल्यांचा पसारा नको, आल्या आल्या माणसं अडखळतील. आणि मी — कशाला आईवर ढकलू? मलाच तो पसारा नको होता. मला नीट दिसायचं होतं. मी बाटल्या धुतल्या, उलट्या करून झटकल्या, बाहेरून पुसल्या, झाकणं लावली आणि पेंढ्यात घालून खोकी बांधून टाकली. मग केसांत अबोली माळली.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने खोकी गावी नेली. मंडळाच्या प्रमुख सुलोचनाकाकींनी विचारलं, “बाई, वाळल्यात ना चांगल्या?” मी म्हटलं, “कडक उन्हात वाळवल्यात.” किती साधं वाक्य! बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. आतला दमटपणा कुणाच्या ध्यानात आला नाही. बाईंनी सांगितलं म्हटल्यावर कोण बघतंय? शेवंता त्या दिवशी गाणी म्हणत बाटल्या भरत होती.

पावसाळ्यात दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. झाकण उघडलं की पांढरी बुरशी आणि तो कुबट वास. मला पाहताक्षणी कारण कळलं. मोठ्या बरणीत उरलेलं त्याच घाण्यातलं लोणचं चांगलं होतं. तेही शेवंतानेच कालवलेलं. बिघडलं होतं ते फक्त बाटल्यांमधलं.

हे सांगू शकणारी होते ती मी एकटी.

पण बायकांनी कारण शोधलं. मीच शिकवलं होतं ना? बाटल्या भरल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेवंता पडवीत बसली होती. गावात हे लपत नाही. म्हणजे भरतानाच तिला अडचण आली असणार, मजुरी बुडू नये म्हणून तिने लपवून ठेवली असणार — एकीने म्हटलं, दुसरीने री ओढली, आणि बघता बघता ते खरं झालं. शेवंता आधी भांडली, शिव्याही दिल्या तिने. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा ना यांना, तसा काय नसता म्हणून.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

काय सांगायला हवं होतं? बाटल्या ओल्या होत्या, एवढंच. पण तोपर्यंत माझं लग्न ठरलं होतं, नोकरी कायम व्हायची होती, आणि त्या गावात मला बाई म्हणून मान होता. हे मी सबबी म्हणून सांगत नाही. त्या क्षणी डोक्यात हेच होतं, म्हणून सांगते. निदान विटाळाने लोणचं नासत नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं! तेही म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग कशाने नासलं?

मी मोठ्या मनाने बोलले. म्हटलं, “माणसाच्या हातून चूक होते. तिची चूक पोटात घाला.”

मी तिची बाजू घेतली असं त्या दिवशी मला वाटलंसुद्धा, थोडा वेळ. शेवंताचं तोंड मात्र एकदम उतरलं. भांडत होती तोवर ती निर्दोष होती. मी तिला माफ केलं आणि ती गुन्हेगार झाली. काकींनी नियम सांगितला — अडचण असलेलीने, आणि जिचे दिवस जवळ आलेत तिनेही, कामाच्या जागी यायचं नाही. शेवंताने तर कायमचंच नाही. “बाईंनीच शिकवलाय,” त्या म्हणाल्या, “कारन शोधा, नियम करा.” मी मान डोलावली.

मंडळ पुढे चांगलं चाललं, कारण बाटल्या त्या स्वतः वाळवू लागल्या. यश मात्र नियमाच्या नावावर गेलं. दुसऱ्या गावांतल्या बायकांना मी हे मंडळ दाखवायला नेत असे. त्या लोणच्याची रीत शिकून जात आणि नियमही घेऊन जात. किती जणींना त्यापायी घरी बसावं लागलं असेल? मी कधी विचारलं नाही.

शेवंता चिऱ्यांच्या खाणीवर जाऊ लागली. डोक्यावरून चिरे वाहायला.

पुष्कळ वर्षांनी, मी नोकरीतून मोकळी झाल्यावर, राजापूरला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. येताना त्या गावाच्या फाट्यावर उतरले. सांगायचंच असं ठरवून उतरले होते. शेवंता घरी होती. केस पिकलेले, मान एका बाजूला जराशी वाकलेली. मला पाहून तिला इतका आनंद झाला, की मला बसवेना. जेवल्याशिवाय सोडीनाच. भात वाढला, कुळथाचं पिठलं वाढलं. मग आत हाक मारली, “गो, बरणीतला लोणचा तू वाढ बाईंना.” लेक माहेरी आली होती. तिने हसत मला सांगितलं, आई लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही, कधीच नाही. तिला आठवतंय तेव्हापासून.

“माजा हात वायट हाय,” शेवंता म्हणाली. अगदी सहज. “तेव्हा तुमचा केवढा नुकसान केला मी. नाय कळला ओ मला, खराच. पन तुमी सांभाळून घेतलात.”

मी लोणच्याची फोड तोंडात घातली. छान झालंय म्हटलं. लेकीकडून आणखी एक मागून घेतली. मग संध्याकाळची एस.टी. पकडून रत्नागिरीला आले.

शेवंता अजून आहे. तिच्या गावाला जाणारी गाडी रोज सुटते. मी पुन्हा गेलेले नाही.