पेडल अजून खाली जातंय

सकाळपासून मी तिसऱ्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. गाडी लेकीची, पाय माझा आणि हुकूम आमच्या ह्यांचा. पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली, गाडी लोखंडी स्टँडवर उचललेली आणि हे उजव्या बाजूला चटईवर आडवे. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. ते म्हणायचे, "दाब." मी पेडल दाबायची. "धर." मी धरायची. मग ते चाकापाशी असलेला निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, सैल करायचे, बारीक नळीतून ब्रेकचं तेल बाटलीत यायचं, निपल आवळून ते म्हणायचे, "सोड." तेलात अडकलेली हवा अशीच काढतात. हवा निघाली की पेडल पायाला टणक लागतं. आमचं पेडल ओल्या उशीसारखं तळाला जात होतं.

लेक दोन वाजता निघणार होती. मागच्या सीटवर सात महिन्यांची तान्ही पोर आणि पुढे अडीच तासांचा डोंगरउतार. ती दवाखान्यात नर्स आहे. रजा संपली होती आणि संध्याकाळी सातला कामावर हजर व्हायचं होतं. घड्याळात साडेदहा झाले होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. तो फक्त गाडीसाठी नव्हता, पण त्याविषयी पुढे सांगते.

आमच्या ह्यांनी बस डेपोत बत्तीस वर्षं काढली, सगळी ब्रेकवर. इंजिनवाले भाव खायचे, रंगारी मिरवायचे. ह्यांच्या कामाकडे कोणाचं लक्ष गेलं तर ते शिव्या द्यायलाच. पण ह्यांच्या हातून गेलेली बस कधी उतारावर सुटली नाही, आणि ही गोष्ट ते स्वतःहून कोणाला सांगायचेही नाहीत. मीच सांगते, कारण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेपोत त्यांना "पुन्हाबघे" म्हणायचे. कोणी काम झालं म्हणून पाना खाली ठेवला, की हे म्हणणार, "पुन्हा बघ." घरीही तेच. मी कुलूप लावलं, पुन्हा बघ. गॅस बंद केला, पुन्हा बघ. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्याशी चार शब्द बोलले नाहीत, पण माझ्या वडिलांच्या गाडीचा मागचा डावा ब्रेक घासतोय, हे फाटकातून आत येतानाच त्यांच्या कानाने ओळखलं. वडील खूश झाले. मी आठवडाभर धुसफुसत होते.

आमच्या जेवणाच्या टेबलावर ब्रेकशिवाय दुसरा विषय नसायचा. भाजीत मीठ कमी आहे हे ह्यांना कळायचं नाही, पण कुठल्या बसचा पॅड किती झिजला हे पाठ. तीस-बत्तीस वर्षं ऐकून ऐकून मीही अर्धी फिटर झाले आहे. त्यांचा एक नियम तर मला झोपेत विचारा. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. एक बाजू उघडायची, दुसरी तशीच ठेवायची, म्हणजे काही अडलं तर तिच्याकडे बघून जोडता येतं. नव्या फिटरने दोन्ही उघडल्या तर हे त्याच्याशी दिवसभर बोलायचे नाहीत.

तीन दिवसांपूर्वी लेक आली ती गाडी किंचाळवतच. ह्यांनी लगेच निदान केलं. पॅड संपलेत आणि कॅलिपरचा पिस्टन अडकतोय. कॅलिपर म्हणजे फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा लोखंडी पंजा. तो सोडवून, धुवून, आतलं रबर बदलायचं होतं. काल दुपारी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले तर दोन्ही चाकं निघालेली आणि दोन्ही कॅलिपर एकाच टबात धुवायला पडलेले. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून कपडे वाळत घातले आणि आत गेले.

कारण आठ महिने मी हेच करत होते. हे दूध आणायला जायचे आणि वर्तमानपत्र घेऊन यायचे. एकदा शेजाऱ्याला त्यांनी एका बैठकीत एकच गोष्ट दोनदा सांगितली. शेजारी बिचारा दोन्ही वेळा हसला. एकदा डेपोच्या जुन्या वेळेला उठून, डबा मागून, चपला घालून उभे राहिले. मी डबा दिला नाही, चहा दिला, आणि आम्ही दोघं त्यावर काही बोललो नाही. कधीच बोललो नाही. मी त्यांच्या खिशात चिठ्ठ्या ठेवू लागले. लेकीचा फोन आला आणि ह्यांचं काही बिनसलेलं असलं की मी सांगायची, बाबा झोपलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अकरा वाजता हे उठले. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, परत खाली बसले. पॅड खाचेत नीट बसलेत का ते पाहिलं. बसले होते. तबकडी हाताने फिरवून पाहिली. सरळ फिरत होती. रबरी नळी जरा पीळ घेऊन आली होती, पण तीही नवीच घातलेली, आणि नवी नळी सुरुवातीला ताठ असते, असं म्हणून सोडून दिली. मग तेलावर संशय आला, ते सगळं बदललं. मग माझ्यावर आला. मी म्हणे पेडल वेळेआधी सोडते. मीही ऐकून घेतलं नाही. पाय माझा गेली तीस वर्षं संसार ओढतोय, एक पेडल धरता येणार नाही का, असं मी म्हटलं. एरवी ते हसले असते. आज त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उत्तर माझ्याच जवळ आहे आणि मी ते लपवून ठेवलंय.

लेक पोरीला कडेवर घेऊन दोनदा दारात येऊन गेली. किती वेळ आहे, विचारलं. मी म्हटलं, झालंच. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावू का, म्हणाली. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. बाबा असताना गॅरेजवाला म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ती आत गेली आणि बॅगा भरू लागली. बॅगांच्या चेनचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

बारा वाजता मी चहा घेऊन गेले. हे दुसऱ्या बाजूला गेले होते. कप ठेवायला मी उजव्या चाकाच्या जागी वाकले आणि सकाळपासून पहिल्यांदा तो कॅलिपर समोरून पाहिला. निपल खालच्या टोकाला होता.

हवा वर जाते. म्हणून हवा काढायचा निपल कायम वर असतो. हे वाक्य मी भाताबरोबर किती वेळा गिळलं असेल, त्याची गणती नाही. मी उठून डाव्या बाजूला गेले. तिथेही तो खाली. टबातून काढताना डावा कॅलिपर उजवीकडे गेला होता आणि उजवा डावीकडे, म्हणून दोघांचं वरचं टोक खाली आलं होतं. बोल्ट बरोबर बसले होते, पॅड बरोबर बसले होते, फक्त हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसली होती आणि आम्ही तळातून तेल काढत होतो. ज्या माणसाने ही चूक शेकडो पोरांची पकडली, तो तीन तास तिच्याकडे बघत होता आणि त्याला ती दिसत नव्हती.

सरळ सांगायचा धीर मला झाला नाही. मी कप त्यांच्या हातात दिला आणि वेड पांघरून विचारलं, "अहो, हवा कुठे जाते म्हणायचात तुम्ही?"

"वर जाते. इतकी वर्षं सांगतोय तरी तुझ्या डोक्यात..." ते थांबले. त्यांचा हात निपलवर गेला, तिथून कॅलिपरच्या वरच्या टोकावर, परत निपलवर. मग त्यांनी मान वळवून गाडीखालून पलीकडच्या बाजूला पाहिलं. चहा त्यांनी न पिताच बाजूला ठेवला.

पुढचा तासभर पुन्हा तेच काम. त्यांनी दोन्ही कॅलिपर सोडवले आणि ज्याच्या त्याच्या जागी लावले. नळीचा पीळ आपोआप गेला. मी पुन्हा सीटवर बसले. दाब, धर, सोड. सातव्या खेपेला पेडल अर्ध्यातच अडलं आणि तिथून हललं नाही. मला रडू आलं, डोळे मी पदराने पुसले. चाकं चढली, गाडी खाली उतरली. ह्यांनी अंगणातून रस्त्यापर्यंत चार वेळा नेऊन आणली, चारही वेळा जागच्या जागी थांबली. दीड वाजला होता.

लेक बॅगा घेऊन बाहेर आली. काय झालं होतं, तिने विचारलं. मी कोणाला बोलू दिलं नाही. दुकानदाराने डाव्या-उजव्याची गफलत करून सामान दिलं, हल्ली कोणाचा भरवसा राहिला नाही, असं मी धडाधड सांगून मोकळी झाले. वर तिच्या हातातली बॅगही घेतली आणि डिकीत टाकली.

हे फडक्याने एकेक बोट पुसत उभे होते. म्हणाले, "दुकानदाराचं काही नाही. मी उलटे बसवले. तीन तास मला दिसलं नाही. आणि ही पहिली चूक नाही, बाळ. मला आठवत नाही हल्ली. गाडी आता ठीक आहे. पण दुसऱ्या कोणाला तरी दाखवल्याशिवाय तू या पोरीला घेऊन निघू नकोस."

लेकीने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तिने त्यांना काही विचारलं नाही. मला विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, "आठ महिने."

"मी नर्स आहे, आई. रोज अशी माणसं बघते. आणि मला तू फोनवर सांगायचीस, बाबा झोपलेत." तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "आत्तासुद्धा. आत्ता तू मला हिला घेऊन या गाडीत बसवत होतीस."

माझ्याकडे कुठल्याही गोष्टीला उत्तर असतं. सासूला होतं, शेजारणीला होतं, ह्यांना तर रोजच असतं. आज मी उघड्या डिकीतून बॅग उचलून परत बाहेर ठेवली.

"तिला बोलू नकोस," हे म्हणाले. "मीच सांगितलं होतं तिला, कोणाला कळू देऊ नकोस म्हणून. शपथ घातली होती मी."

शपथ तर सोडाच, या विषयावर आमच्यात कधी एक अक्षर निघालं नव्हतं. मला वाचवायला हे खोटं बोलले, की त्यांना खरंच तसं आठवत होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. लेक माझ्याकडे बघत होती, खरं का म्हणून. मी हो म्हटलं.