शुद्धीची खूण

माय शेताच्या बांधावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. चिटगुप्प्याहून आम्ही तिला गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झकास झालं, बिघडलं ते डोकं. दुसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. अंगावर मुंग्या चढल्यात म्हणून चादर झटकत बसली. अप्पा आत आले तशी सगळ्या वॉर्डासमोर त्यांना नावानिशी हाक मारून म्हणाली, "म्हस सुटली की. बसून कामून ऱ्हायलास?"

अप्पांचे कान लाल झाले. आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातले देव गेले, उपास गेले. पण बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे जागचं हललं नव्हतं. मायच्या तोंडून ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. अप्पांनीही नव्हतं.

डॉक्टर बंगळूरकडचे, तरणेबांड. रोज सकाळी कन्नडमधून विचारायचे, गाव कोणतं, वार कोणता, नवऱ्याचं नाव काय? गाव ती माहेरचं हुलसूर सांगायची, वार वाट्टेल तो. नाव मात्र ठणठणीत. डॉक्टरांना तेवढीच जमेची बाजू वाटे, आणि आमचं नेमकं त्यानंच धाबं दणाणायचं. माय अशीच राहिली तर?

आत्यानं मीठ-मिरच्या ओवाळायचं काढलं. अप्पांनी तिला गप्प केलं. गंमत अशी की डॉक्टरांनीही मीठच सांगितलं, फक्त शिरेतून. रक्तातलं मीठ उतरलंय, झोप मोडलीय, भुलीचं औषध अजून अंगात आहे, म्हणाले. शिवाय जखमेची सूज जखमेपुरती राहत नाही, तिचा त्रास रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. तरुणपणी मेंदूभोवती कुंपण घट्ट असतं. म्हातारपणी ते विरळ होतं आणि नको ते आत शिरतं. हे अप्पांना लगेच पटलं, त्यांचा जन्म कुंपणं घालण्यातच गेला होता.

मग एका सकाळी डॉक्टरांनी नाव विचारलं आणि मायनं पदर ओढून भिंतीकडे तोंड फिरवलं. काही केल्या बोलेना. डॉक्टरांचा चेहरा पडला. मी आणि आत्या मात्र हसता हसता रडलो. त्यांना समजावून सांगेपर्यंत पुरेवाट झाली.

घरी परतताना बस हुमनाबादला थांबली. अप्पा चहाला उतरले. गाडी सुरू झाली तरी ते पाठमोरेच. मायनं खिडकीतून हाक मारली, "अवं, गाडी सुटली." पुन्हा मारली. अप्पांना ऐकू येत होतं, मला दिसत होतं ते. त्यांना वेगळी हाक हवी होती.

शेवटी कंडक्टर ओरडला तेव्हा चढले.

"ऐकू येईना का तुम्हाला?" माय म्हणाली.

"नाव घेतलं असतंस तर आलं असतं."

माय पदरात तोंड लपवून चिटगुप्पा येईपर्यंत हसत राहिली.