सव्वापट समीक्षा

आधी चहा घ्या. मी काय करून बसलो ते एकदा सांगायला लागलो की मला मधे थांबता येत नाही, आणि मग तुम्हाला गार चहा प्यावा लागेल.

एकोणतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. अधूनमधून मासिकांत चार ओळी छापूनही आल्या. नीट ऐकल्याशिवाय बोलू नये, हे मी पोरांना किती वेळा सांगितलं असेल? आणि मीच एका दुपारी, अगदी शुद्ध मराठीत, एका चांगल्या बँडचं वाटोळं करायला निघालो होतो.

बँडचं नाव ‘कुडाची भिंत’. तिघं जण आहेत. गाते आणि गिटार वाजवते ती कमल. तारपा फुंकतो तो तिचा भाऊ. आणि ढोलकीवर यशवंत, त्याला सगळे यशा म्हणतात. तिघंही सूर्यमाळच्या पाड्यांवरची. गाणी स्वतः बांधतात, स्वतःच रेकॉर्ड करतात आणि इंटरनेटवर सोडून देतात. यशाचं नाव ध्यानात ठेवा. माझंही नाव यशवंतच आहे, आणि त्यानेच मला शेवटी तोंडावर पाडलं.

खरं तर हा बँड हिचा. ही म्हणजे माझी बायको. सूर्यमाळच्या शाळेत ती शिक्षिका होती आणि ही तिघं तिचे विद्यार्थी. त्यांचा पहिला अल्बम ‘घाट’ आला, तेव्हापासून जव्हारच्या आमच्या स्वयंपाकघरात दुसरं काही वाजलं नाही. भाकरी थापताना ‘घाट’, भांडी विसळताना ‘घाट’. फोन पिठाच्या डब्याला टेकून उभा असायचा. चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, ‘भिंतीला कान’ नावाचा. त्यात तिचं नाव नुसतं ‘बाई’. नवं गाणं आलं की बाई काय म्हणतात याची सगळे वाट बघत.

तिला जाऊन दोन वर्षं होत आली. फोन मी चालू ठेवला आहे. दुपारी घरात बसवत नाही तेव्हा त्यावर ‘घाट’ लावतो आणि या खोलीतून त्या खोलीत फिरतो. खिडकी उघडतो, पुन्हा लावतो. पिठाचा डबा पुसतो. पीठ त्यात कधीचं नाही, पण डबा स्वच्छ आहे.

तर दुसरा अल्बम आला, ‘पाणवठा’. ग्रुपवर नुसता कल्ला. बाजारपेठेत मोबाईलचं दुकान असलेल्या अस्लमभाईंनी लिहिलं, “पैला नंबर. दुकानात सकाळपासून हेच चालू. गिऱ्हाईक रिचार्जला येतं आणि रिचार्ज विसरून जातं.” खोडाळ्याच्या पिठाच्या गिरणीवाल्याने लिहिलं, “तारपा अजून पायजे होता, बाकी कडक.” ठाण्याला नोकरी करणाऱ्या एका मुलीने लिहिलं, “पहिल्यांदा कळत नाही, तिसऱ्यांदा ऐकताना आत उतरतो.” आणि मग कुणीतरी लिहिलं, “बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?”

झालं. मला बसवेना.

मुलीने घेऊन दिलेल्या माझ्या नव्या फोनवर मी अल्बम लावला. पहिलं गाणं संथ. म्हटलं, सुरुवात आहे. दुसरंही संथ. कुठे तो ‘घाट’, उताराला लागलेल्या जीपसारखा धावणारा, आणि कुठे हे चढावर दमलेले बैल. शेवटचं गाणं ‘हजेरी’. शाळेतली हजेरी, एकेक नाव, नावामागे ढोलकीची थाप. एक नाव झालं की दुसऱ्यापर्यंत माणसाने अंघोळ करून यावं. त्यातही मधेच सगळं थांबतं. गाणं नाही, ढोलकी नाही, काही नाही. मला वाटलं फोन बंद पडला. हलवून पाहिला. पालथा करून पाहिला. तेवढ्यात गाणं पुन्हा सुरू.

मी हिचा फोन घेतला. आता माझ्या फोनवरून लिहिलं असतं तरी चाललं असतं की नाही? पण ग्रुप तिच्या फोनवर होता, आणि प्रश्न तिच्याबद्दल होता. मी लिहिलं:

“‘घाट’मधली धाव ‘पाणवठा’त दिसत नाही. कलावंत दमलेले वाटतात. ‘हजेरी’ तर इतकी रेंगाळते की ती संपेपर्यंत शाळा सुटावी. मधली मोकळी जागा ही निव्वळ ढिलाई आहे. बाईंच्या वतीने दुःखाने म्हणावंसं वाटतं, हे त्यांना आवडलं नसतं.”

‘दुःखा’तला विसर्ग तपासला आणि पाठवून दिलं. बाईंच्या नावाने.

दहा मिनिटं गेली. मग अस्लमभाई आले. “सर, दिल की बात बोललात. मला पण सकाळपासून कायतरी स्लो लागत होतं. मी बोललो, स्पीकरची बॅटरी उतरली असेल.”

गिरणीवाला म्हणाला, तारपा कमी वाटला तो म्हणूनच. ठाण्याच्या मुलीने मोठा परिच्छेद लिहिला, त्यात ‘ऊर्जेचा अभाव’ दोनदा. संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपला पहिल्यापासूनच तसं वाटत होतं.

एकाने गिरणीवाल्याला हटकलं, “अरे, काल तर ‘हजेरी’ ऐकून रडलास ना?”

“ते मिरची दळत होतो.”

कमलने दोनच शब्द लिहिले, “बरं सर.”

एकोणतीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला ‘बरं सर’चा अर्थ कळायला हवा होता. मला तो होकार वाटला. त्या दिवशी मी घरात फिरलो तो जरा ऐटीत फिरलो. बऱ्याच दिवसांनी तिच्या वतीने काहीतरी केलं, असं वाटलं.

तीन दिवसांनी दारात मोटरसायकल थांबली. कमल आणि यशा. यशाच्या चार बोटांना चिकटपट्ट्या.

“ये गं, बस,” मी म्हटलं. “बोटांना काय झालं रे?”

“तुमीच केलंय सर,” यशा म्हणाला, पण हसून.

कमलने खुर्चीच्या कडेवर बसून सांगितलं, “रविवारी जव्हारला कार्यक्रम आहे ना. सगळी गाणी भरभर बसवतोय. याची बोटं फुटली. भावाला दम पुरत नाय. आणि ‘हजेरी’ आमी काढून टाकली.”

“काढून टाकली?”

“बाईंना आवडली नसती ना. मंग कशाला?” ती खाली बघत म्हणाली. “इंटरनेटवरनं पण काढणारे. म्हटलं, आधी तुमाला विचारून यावं, अजून काय काय आवडलं नसतं.”

इथे शहाणा माणूस चपापला असता. मी उठून हिचा फोन आणला. मार्गदर्शन करायला.

“हे बघा,” मी म्हटलं. “गाणं काढू नका. दुरुस्त करा. तुम्ही आधी कसे वाजवत होतात, तेच विसरलात. हे ऐका.” आणि मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ‘घाट’ लावला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“हे आमी नाय,” कमल म्हणाली.

“तुम्हीच आहात. आवाज तुझा आहे.”

“आवाज माझा आहे, पण मी एवढ्या घाईत कवा गायले? मागं कुत्रं लागलंय जसं.”

यशा कान लावून ऐकत होता. “सर, ही ढोलकी माणसाच्या हातची नाय. मी आहे का शिलाई मशीन?” त्याने फोन उचलला, पट्टीवाल्या बोटाने काहीतरी दाबलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. “हे काय लिहिलंय वाचा.”

मी चष्मा लावला. गाण्याच्या खाली बारीक अक्षरांत वेग लिहिला होता. एक पूर्णांक पंचवीस शतांश.

सव्वापट.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. ही रोज पहाटेच्या एसटीने निघायची. जव्हारहून मोखाडा, मोखाड्याहून खोडाळा, पुढे मिळेल त्या जीपने सूर्यमाळ. खोडाळा मागे पडलं की रेंज संपली. तेवढ्या वेळात हिला सगळं ऐकून संपवायचं असे. खात्याचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ, मुलीने पाठवलेलं काहीबाही, बातम्या, लोणच्याची कृती आणि ‘घाट’. म्हणून तिने फोनचा वेगच सव्वापट करून ठेवला होता. आवाज तसाच राहतो, फक्त गाणं पळतं. घरी आल्यावर कोण कशाला बदलतंय? स्वयंपाकघरात मी वर्षानुवर्षं तेच ऐकत आलो, आणि ‘घाट’ धावतो म्हणून चार लोकांत सांगत आलो.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. यशा हसलाही. कमल मात्र म्हणाली, “बाई आणि घाई?”

“घाईच. जेवतानासुद्धा. मी आमटी-भाताला यायचो तोवर हिचं ताट घासून झालेलं असायचं.”

“आमच्याकडं नाय सर. आमच्याकडं बाईंसारखं सावकाश कोण नव्हतं. हजेरीला तर अर्धा तास लावायच्या.”

“बावीस पोरांच्या हजेरीला अर्धा तास?”

“उन्हाळ्यात पाणी खाली उतरून भरावं लागायचं ना. हंडा घरी ठेवून मग शाळेत. निम्मी पोरं वाटंवरच असायची. बाई दारात उभ्या राहून नाव घ्यायच्या. एक नाव घेतलं की वाटंकडं बघायच्या. कोण चढताना दिसलं की त्याचं नाव आलं तरी लगेच घ्यायच्या नाय. पेनाचं टोपण काढायच्या, लावायच्या. आलं की विचारायच्या, पाणी भरायला गेला होता काय? हो म्हटलं की हजर. गैरहजर कोण म्हणून नाय.”

सहाणेवर चंदन उगाळावं तसं गाणं त्यांनी का केलं होतं, ते आत्ता समजत होतं. आणि मी लिहिलं होतं, संपेपर्यंत शाळा सुटावी.

तरी माझ्यातला समीक्षक मेला नव्हता. “ते ठीक,” मी म्हटलं, “पण ती मधली मोकळी जागा? तिथे तर कुणाचंच नाव नाही.”

आता यशा हसायचा थांबला. त्याने कमलकडे पाहिलं. कमल म्हणाली, “सांग की. तुझंच आहे.”

“माझं नाव यशवंत ना सर,” तो म्हणाला. “बाई माझं नाव नाय घ्यायच्या. माझा नंबर आला की गप. वर कौलांकडं बघायच्या. सगळी पोरं हसायची. मंग मीच बोलायचो, हजर. चार वर्षं माझं नाव कवा घेतलं नाय त्यांनी.”

मला सांगा, शिकलेली बाई, पोरांना सगळं बिनधास्त शिकवणारी. घरी मला ‘अहो’ म्हणायची ते सगळ्याच बायका म्हणतात, इकडे माझं कधी लक्षही गेलं नाही. आणि तिकडे दोन डोंगर ओलांडून, सूर्यमाळच्या वर्गात, मी रोज चार मात्रांची मोकळी जागा असायचो. त्याच चार मात्रांना मी ढिलाई म्हटलं होतं. विसर्ग तपासून.

“गाणं काढू नका,” मी म्हटलं. “काहीच बदलू नका. मी लिहितो ग्रुपवर.”

“नक्की?” कमलने विचारलं. “बाईंच्या वतीने?”

“माझ्या वतीने.”

लिहिलं. सव्वापटीची सगळी हकिकत लिहिली, माफी मागितली. पाच मिनिटांत अस्लमभाई हजर. “मी तर पैल्या दिवशीच बोललो होतो, पैला नंबर. रेकॉर्ड आहे वरती, बघा.” गिरणीवाल्याने कबूल केलं की मिरची नव्हती, ज्वारी होती. ठाण्याच्या मुलीने ‘ऊर्जेचा अभाव’ पुसून टाकला.

रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी अस्लमभाई. ‘हजेरी’ शेवटी. एकेक नाव येत गेलं, सावकाश, वाट बघत. मग ती जागा आली. यशाने ढोलकीवरचे हात उचलले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. कमलनेही पाहिलं.

अस्लमभाईंनी कोपर मारलं. “सर, बोला ना.”

मला कळत होतं काय बोलायचं ते. एकच शब्द, तीन अक्षरं. पण मला त्याच वेळी चष्मा पुसावासा वाटला. पुसून पुन्हा लावेपर्यंत चार मात्रा संपल्या. यशाने थाप मारली आणि गाणं पुढे गेलं.

घरी आलो. या खोलीतून त्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग माझाच फोन घेतला, ‘भिंतीला कान’मध्ये स्वतःच्या नावाने दाखल झालो, आणि एवढंच लिहिलं:

“हजर.”

लगेच कमलचं उत्तर आलं. “फार उशिरा आलात सर. पाणी भरायला गेला होता काय?”

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. पण आता या वयात खोटं कशाला बोला?

“नाही,” मी लिहिलं, “समीक्षा लिहीत बसलो होतो.”