शोकेसमधली ॲम्ब्युलन्स

माझे आतोबा मस्कतला नोकरीला होते. एका सुट्टीत येताना त्यांनी पांढऱ्या प्लास्टिकची ॲम्ब्युलन्स आणली. "पोरीसाठी," असं दारात उभं राहून म्हणाले. हे मी आजही शपथेवर सांगेन, कारण आमच्या घरात मी सोडून दुसरी पोर नव्हती. सेल घातले की तिच्या टपावरचा लाल दिवा फिरायचा, भोंगा वाजायचा आणि भिंतीला धडकली की गाडी आपली आपण वळून दुसरीकडे निघायची. हा चमत्कार मी एकदाच पाहिला, त्याच संध्याकाळी. आतोबा चहा पिऊन गेले. आईने सेल काढले आणि गाडी शोकेसमध्ये ठेवली.

"खेळलं की मोडतं," ती म्हणाली. "इथून बघ की. छान दिसते."

त्या काळी घरोघरी असंच होतं, हे मला माहीत आहे. परदेशातून आलेली वस्तू वापरायची नसे, पाहुण्यांना दाखवायची असे. आमच्या शोकेसमध्ये शिंपल्यांचा मोर होता, मान हलवणारी बाहुली होती आणि मधोमध ॲम्ब्युलन्स. आई साड्यांना फॉल लावायची. ती सकाळपासून खाली बसून टाके घालत असे, खोलीभर रंगीत दोऱ्यांचे तुकडे पडलेले असत. शाळेतून आले की मी ते तुकडे पायांना चिकटवत शोकेसपाशी जायची आणि काचेला नाक लावायची. गाडीचं तोंड कधी खिडकीकडे असायचं, कधी भिंतीकडे. आई धूळ पुसताना फिरवत असेल, असं मला वाटायचं.

पुढे मी मार्केट यार्डात बारदानाच्या धंद्यात पडले. जुनी पोती घ्यायची, निवडायची, ठिगळं लावायची, विकायची. सगळे पुरुष, त्यात मी एकटी बाई. माझा आवाज चार गाळे ओलांडून जातो, असं हमाल म्हणतात. जाऊ दे. गोड बोलून कुणी मला चांगला माल दिलेला नाही. धंद्यात मी एकच गोष्ट शिकले: पोतं वरून बघायचं नाही, आतून उलटून बघायचं. मांजरी गावातला फ्लॅट, टेम्पो, गाळा, जे काही आहे ते मी असं उलटसुलट करून, भांडून मिळवलेलं आहे. ती गाडी तेवढी मिळाली नाही. गाडीसुद्धा राहू दे. आईच्या तोंडून मला एक वाक्य हवं होतं, की ती तुझी होती आणि मी तुला दिली नाही. दर दिवाळीला मी विषय काढायची. दर दिवाळीला ती म्हणायची, "अजून तेच का गं?"

मग आईची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. घर रिकामं करायची वेळ आली. मी आवराआवरीला गेले, तर आई शोकेसकडे बोट दाखवून म्हणाली, "ती पिवळी पडलीय. हवी तर घेऊन जा."

माझं डोकं फिरलं. पांढरी होती तेव्हा नाही, आणि आता तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखी झाल्यावर 'हवी तर'! तिथल्या तिथे ठरवलं, ही गाडी पांढरी करायची, आईच्या पुढ्यात ठेवायची आणि मग विचारायचं, आता बोल, ही कुणाची?

भांड्यांच्या साबणाने घासली, लिंबू लावलं, खायचा सोडा लावला. काही फरक नाही. मग मी फोनवर तिचा फोटो टाकला. विकायची नव्हतीच, भाव काय येतो ते ऐकायचं होतं. सवय. खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणारे एक गृहस्थ जुनी खेळणी जमवतात, ते बघायला आले. गाडी हातात घेऊन म्हणाले, "ताई, पिवळी आहे हो फार."

"तुम्ही पण पन्नाशीला याल तेव्हा बघू."

ते हसले. शांत माणूस. त्यांनी सांगितलं की हा मळ नाही, त्यामुळे धुऊन जाणार नाही. प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून ते बनवतानाच त्यात एक रसायन मिसळतात. उजेड आणि हवा लागून वर्षानुवर्षं तेच हळूहळू पिवळं पडतं. उन्हात ठेवायला लागत नाही, खिडकीचा उजेड, ट्यूबलाइट पुरते. मागचं दार मात्र अजून पांढरं होतं. का, तर ते वेगळ्या घाण्यातलं प्लास्टिक असणार. हे मला लगेच पटलं. एका गठ्ठ्यात दोन गावचा माल घालणारे मी रोज बघते.

"म्हणजे सांभाळून ठेवून काही उपयोग नाही?"

"सांभाळली म्हणून मोडली नाही. पिवळी पडायची ती पडतेच."

उपायही त्यांनीच सांगितला. पार्लरमध्ये केसांचा रंग उतरवायला जे पेरॉक्साइडचं क्रीम वापरतात, ते ब्रशने सगळीकडे सारखं लावायचं, वरून पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. ज्या उजेडाने पिवळी केली, तोच क्रीमच्या जोडीने पांढरी करतो. फक्त क्रीम वाळू द्यायचं नाही, नाहीतर पट्टे उठतात. आणि काही वर्षांनी पुन्हा पिवळी पडू शकते, हेही त्यांनी दोनदा बजावलं. प्रामाणिक माणूस. धंद्यात टिकला नसता.

पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात मी सगळ्यात कडक क्रीम मागितलं. दुकानदार माझ्या केसांकडे बघून म्हणाला, "ताई, एवढं कडक तुम्हाला नाही चालणार."

"मला नाही, ॲम्ब्युलन्सला लावायचंय. भाव सांगा."

एप्रिल होता. आईच्या गच्चीवर बायकांनी कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या घातल्या होत्या. मी बाजूचे स्क्रू काढून गाडीचं वरचं अंग वेगळं केलं, लाल दिवा उतरवला, क्रीम लावलं, गुंडाळलं आणि त्यांच्या वाळवणाशेजारी ठेवलं. हातमोजे घालायला सांगितले होते, मी घातले नव्हते. बोटांची टोकं पांढरीफटक पडून चुरचुरायला लागली.

शेजारच्या काकू कावळे हाकत बसल्या होत्या. "हे कसलं गं वाळवण?"

"ॲम्ब्युलन्सचं. तळून बघणार का?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"असतं तर पोती विकली असती का, काकू?"

दर थोड्या वेळाने गाडी फिरवायची होती, क्रीम सुकलं तर पुन्हा लावायचं होतं. मधल्या वेळात काय करणार, म्हणून सांगाडा पुसायला घेतला आणि सवयीने उलटा केला. इतक्या वर्षांत ती गाडी मी कधी उलटी करून पाहिली नव्हती. लहानपणी हातच लागला नव्हता, आणि परवा घासली तीही वरवरच.

चाकांचं रबर झिजलेलं होतं. एका संध्याकाळीत झिजतं तसं नाही, रोज चालवून झिजतं तसं. आणि मागच्या आसावर दोरे गुंडाळले गेले होते. एकावर एक, घट्ट, बोटाएवढे जाड. राणी रंगाचा, पोपटी, मोरपंखी. फॉलचे दोरे.

मी तो सांगाडा घेऊन तशीच खाली गेले. आई पलंगावर बसून जुनी फडकी निवडत होती.

"ही चाललेली आहे," मी म्हणाले.

"गाडी आहे. चालणारच."

"आई, कुणी चालवली?"

तिने सांगाडा हातात घेतला, चष्मा वर केला, दोरे पाहिले. पोपटी दोऱ्यावर नख फिरवलं.

"तू शाळेत असायचीस," मग म्हणाली. "मान अवघडून जायची. हातातली साडी झाली की जरा सोडायची मी. भोंग्यावर फडकं दाबायचं, शेजारी ऐकू नये म्हणून. भिंतीला धडकली की वळून माझ्याकडे यायची. मला हसू यायचं."

खिडकीकडे तोंड, भिंतीकडे तोंड.

"मला का नाही बोलावलंस? सुट्टीत, रविवारी? दोघींनी चालवली असती."

"तू मोडली असतीस. तू तेव्हापासून अशीच."

"मोडली असती तर मोडली असती!"

"मग दुपारी माझ्याकडे काय राहिलं असतं?"

एवढं बोलून ती पुन्हा फडकी निवडायला लागली. मी तिच्या पायाशी खाली बसले. माझ्या आईला, आपल्या पोरीपासून लपवून का होईना, एक खेळणं हवं होतं आणि ते मागायची तिला लाज होती, हे मला कुणी उलटून दाखवलंच नव्हतं. मी राग सांभाळला, तिने गाडी सांभाळली. एका खोलीत, खाली बसून, दोघींना पुरेल एवढी जमीन होती.

वर क्रीम वाळून गेलं होतं. काकू म्हणाल्या, "तुझं वाळवण करपलं." धुतल्यावर गाडी खरंच पांढरी निघाली, पण टपावर पिवळा पट्टा राहिला, तिरका.

मी दोरे ब्लेडने कापून काढले, गाडी जोडली, नवे सेल घातले. दिवा लागला नाही, भोंगा किंचित घरघरला, चाकं जागची हलली नाहीत. आई बघत होती. मी गाडी जमिनीवर ठेवून हाताने ढकलली. ती भिंतीला धडकली आणि तिथेच थांबली.

"वळत नाही," मी म्हणाले.

आईने पलंगाला टेकवलेली आपली काठी पुढे केली, टोकाने गाडीचं तोंड फिरवलं आणि माझ्याकडे ढकलली. तिची पोच कमी पडली, गाडी मध्येच राहिली. मला पुढे सरकावं लागलं.

मग मी विचारलंच. "आता बोल, ही कुणाची?"

"बघू," ती म्हणाली. "आधी इकडे पाठव."