करडी होडी

जनार्दन गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात प्रायमरचा ब्रश होता. वैशालीवहिनी एवढंच म्हणाल्या, "गेले हो भावजी…" आणि मी काय केलं, तर आधी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. उघडी राहिली तर ते दाट प्रायमर आटून वाया जातं, ही त्याचीच शिकवण. मग खुर्चीत बसलो. दोन महिने होत आले, अजून त्या झाकणाची लाज वाटते. तो मात्र "बरं केलंस" म्हणाला असता.

बेलापूरच्या एका ऑफिसात आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर नोकरी काढली. तो करावे गावचा कोळी, मी साताऱ्याकडून आलेला. प्लास्टिकची छोटी विमानं, जहाजं जोडायचा नाद त्याचा. मला त्यानेच लावला. खोक्यात सुटे भाग येतात, ते चिकटवायचे आणि रंगवायचे, झालं. पण दोन भाग जोडले की मधे बारीक सांधा दिसतो, आणि जनार्दन त्या सांध्यापाशी जो अडकायचा तो सुटायचाच नाही. ब्रशने त्यावर भराव प्रायमर लावायचं, ताकापेक्षा दाट, करड्या रंगाचं. दोन दिवस वाळू द्यायचं, मग ओल्या पॉलिशपेपरने घासायचं. वरून वाळलेलं दिसलं तरी आत ओल असते. घाई केली की ते नंतर खाली बसतं आणि सांधा पुन्हा डोकं वर काढतो. मी घाई करायचो. माझ्या पहिल्या विमानाच्या पोटावर रंगाखालून रेघ उमटली, तेव्हा हा पठ्ठ्या ऑफिसभर सांगत हिंडला.

पण धीर धरण्यालाही काही मर्यादा असावी. त्या करड्या थरावर एरवी न दिसणारे ओरखडेसुद्धा उठून दिसतात. जनार्दनला प्रत्येक थरानंतर नवं काहीतरी सापडायचं, मग आणखी एक थर. शेवटी जहाजाच्या फळ्या दाखवणाऱ्या कोरीव रेषाच बुजायच्या आणि हा सुई घेऊन त्या पुन्हा कोरत बसायचा. त्याच्या काचेच्या कपाटात सतरा मॉडेलं होती आणि सतराच्या सतरा करडी. "पाव्हने इचारतात, रंगाचं दुकान बंद पडलं काय," असं वहिनी तोंडावर म्हणायच्या. एकदा मीही वैतागलो. "अरे, ही काय पाण्यात सोडायचीयत?"

त्याने हातातल्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाबा होडीच्या फटीत कापूस नि राळ ठासायचा ना, तवा आमी पोरं बाजूला बसायचो. हात फिरवून फिरवून बघायचा. एक जरी फट राह्यली तर पानी आत येनारच. ते डोक्यातून जातच नाय रं."

शेवटची भेट हॉस्पिटलात. एका ट्रॉलरच्या किटमध्ये कापाकापी करून तो बाबांची होडी करत होता, तीही अर्थात करडीच राहिलेली. "हिला तरी रंग लाव," म्हणाला. "निळा, वरती पांढरा पट्टा. बाबाच्या होडीचा होता तसा… माझ्याच्यानं आता होनार नाय." मी "लावतो" म्हणालो. त्याने आपणहून काम सोडलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

दिवसकार्य झाल्यावर होडी घरी आणली. उजेडात तिरपी धरली, तर नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, केसाएवढी फट. थर लावला, वाळवला, घासला. तरी दिसतेच. पुन्हा थर. मनगट दुखायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले. खरं सांगायचं तर मी त्या होडीला कंटाळलो होतो, थोडा जनार्दनलाही. तरी निळ्या रंगाची डबी उघडवत नव्हती. होडी करडी आहे तोवर त्याचं काम चालू आहे, रंग लावला की जनार्दन संपला, असंच वाटत होतं.

परवा वहिनींचा फोन. "होडी कुठवर आली?"

"एक फट आहे अजून, वहिनी."

मग म्हणाल्या, "हेच ऐकत जन्म गेला माझा. लावा आता रंग."

लावला. निळा, वर पांढरा पट्टा. वाळल्यावर नाळेपाशी रेघ उमटायची ती उमटलीच. तशीच होडी घेऊन मान खाली घालून सीवूड्सला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी ती खिडकीशी नेली, बोट फिरवत फिरवत नाळेपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"हितं हाय ना?"

मी "हो" म्हणालो. पुन्हा घासून देतो, असंही म्हणालो. त्यांनी नकाराची मान हलवली, कपाट उघडलं, करड्या मॉडेलांच्या मधोमध होडी ठेवली आणि फटीची बाजू मुद्दाम पुढे केली.

"दिसू दे ह्यांना," म्हणाल्या. "फट बघून राहवनार नाय."