माईचा लघुग्रह

माझी थोरली बहीण माई संगणकाच्या पडद्याला नाक लावून बसली होती. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर ती दुर्बिणीतून घेतलेले आकाशाचे फोटो तपासायला लागली. एकाच जागेचे चार फोटो पाठोपाठ बघायचे. तारे जागच्या जागी राहतात, लघुग्रह मात्र सरकतो. असाच एक तिने गेल्या वर्षी शोधला. मंगळ आणि गुरू यांच्यामधून सूर्याभोवती फिरणारा, डोंगराएवढा दगड. कक्षा पक्की ठरेपर्यंत त्याला नुसता तात्पुरता क्रमांक. नाव ठेवायला अजून काही वर्षं होती.

आज तेच फोटो समोर होते.

“ठिपका दिसतोय का रे तुला?”

“हा काय, स्पष्ट आहे.”

“मला नाही दिसत. नजरेच्या मधोमध काळं झालंय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही.”

तो दगड कोट्यवधी वर्षं कुणी न बघता फिरला, पुढेही फिरेल. बघणाऱ्याचं त्याला काय? पण त्याला पहिल्यांदा ओळखणारे डोळे हेच होते.

माईने माझा हात धरला. “सरकला की सांग.”

“सरकला, माई.”

“किती?”

“तिळाएवढा.”

“हं, मग तोच तो,” ती म्हणाली, आणि पडद्याकडे बघतच राहिली.