दोघींत एक कोट

शिरूरच्या कोर्टात तारखेला उभी होते. बेलिफानं येऊन सांगितलं, "मॅडम, मंगलताई गेल्या. कावीळ झाली होती." माझ्या तोंडून काय निघावं? "अशी कशी गेली?" ... माझं भांडण अर्धंच राहिलं होतं ना!

मंगल कवठे येमाईची, मी तळेगाव ढमढेरेची. पुण्यात वकिली शिकताना पाचही वर्षं आमची खोली एक आणि काळा कोटही एकच, दोघींत मिळून शिवलेला. कॉलेजच्या अभिरूप न्यायालयात आधी ती उभी राहायची, मग तोच कोट माझ्या अंगावर. तिचे हात लांब, म्हणून बाह्या तिच्या मापाच्या. माझी बोटं त्यात बुडून जायची. खोलीवर सरावाला खटला हवा असायचा. मी येडी, घरचाच दिला! आमच्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावरून चुलत्यांशी वाद होता. मी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची वकील, मंगल चुलत्यांची. ती अडवायची आणि मी चिडून सगळं ओकायचे. घरच्या एका लग्नाच्या मांडवात आप्पांनी चुलत्यांना तोंडी रस्ता कबूल केला होता आणि शपथेवर विचारलं तर ते नाकारणार नाहीत, हेसुद्धा. "बाई गं, हे दुसऱ्या कुणाला सांगू नको," असं तीच म्हणाली होती.

पुढं वाद खरोखर कोर्टात आला. चुलत्यांचं वकीलपत्र कुणी घ्यावं? मंगलनं! आप्पा साक्षीला उभे. याच आप्पांनी दर सुट्टीला तिला वांग्यांची पिशवी भरून दिलेली. "आप्पा," तिनं अगदी मऊ आवाजात विचारलं, "मांडवात तुम्ही रस्ता कबूल केला होता की नाही?" आप्पांनी आधी माझ्याकडं पाहिलं. "व्हय पोरी, बोललो हुतो."

बाहेर आल्यावर मी तिचा दंड धरला. "खोलीतलं बोलणं कोर्टात काढलंस?"

"तू माझी अशील नव्हतीस," ती म्हणाली. "मैत्रीण होतीस."

कायद्यानं बरोबर होतं तिचं. कायद्यानं! केसानं गळा कापला माझा. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही, बार रूममध्ये समोर बसूनही नाही. रस्ता गेला. त्याचं आप्पांना काही नाही. "बोललोच हुतो की," म्हणतात. मलाही रस्त्याचं नाही...

कोट माझ्याकडंच राहिला. परवा आप्पा म्हणाले, "तिच्या आईला दिऊन ये गं." घडी घालायला काढला आणि अंगात घातला. बोटं पुन्हा बाह्यांत बुडाली. रिकाम्या घरात मोठ्यानं विचारलं, "मंगे, खोलीवर ऐकत होतीस ते मैत्रीण म्हणून, की तवाच चुलत्यांची वकील झाली होतीस?"

थांबले मी. तिला उत्तर द्यायला कधी वेळ लागायचा नाही.